मोडकं घर कशाला म्हणायचं?

गोरेगावहून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, भाजी निवडत ऐकलंत तरी चालेल.

आजचा विषय तुमच्यातल्याच एका गटाकडून आला. त्या गटातल्या एका बाईचा नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला. दोन लेकरं तिच्याजवळ आहेत. गावच्या सप्ताहात एका बुवांनी सांगितलं की, ज्या घरात बाप नाही ते घर मोडकं, आणि मोडक्या घरातली लेकरं वाया जातात, हे शास्त्रात आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं तिच्या मुलाला चिडवायला लागली. गटानं आम्हाला विचारलं, "धर्मात खरंच असं सांगितलंय का? आणि सांगितलं असेल तर आमच्या लेकरांनी काय करायचं?"

प्रश्न साधा नाही. आपल्यातली कुणी विधवा आहे, कुणाला नवऱ्यानं टाकलंय, कुणाचा नवरा आठ महिने ऊसतोडीला किंवा शहरात कामाला असतो, कुणी आजी आहे आणि नातवंडं सांभाळते. अशा सगळ्या घरांवर तो शिक्का बसतो. म्हणून आम्ही ठरवलं, धर्माच्या गोष्टीही उघडायच्या आणि आपला इतिहासही. दोन्हीकडे काय दिसतं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक जुनी, फार जुनी गोष्ट. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम नावाचा एक मुलगा आहे. त्याला गुरूकडे शिकायला जायचंय. गुरू गोत्र विचारणार, म्हणून तो आईला विचारतो, "माझं गोत्र काय?" आईचं नाव जबाला. ती काही लपवत नाही. ती सांगते की, तरुणपणी मी घरोघरी राबत होते, तेव्हा तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तर तू सत्यकाम जाबाल असं सांग. मुलगा गौतम ऋषींकडे गेला आणि आईनं सांगितलं ते शब्दाला शब्द सांगितलं. गौतमांनी त्याला हाकललं नाही. इतकं खरं बोलणारा मुलगा शिकायला योग्य आहे, असं म्हणून त्याला ठेवून घेतलं आणि चारशे रोडक्या गाई राखायला दिल्या. पुढे तोच सत्यकाम मोठा ऋषी झाला. आईच्या नावानं ओळखला गेला.

या गोष्टीत त्या लेकराचं भलं कशानं झालं? दोन गोष्टींनी. आई खरं बोलली, आणि गुरूनं दार उघडलं. गौतमांनी त्या दिवशी दार लावून घेतलं असतं तर आईच्या खरेपणाचाही काही उपयोग झाला नसता. हे ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता आपल्या घरोघरच्या देवांकडे पाहा. कृष्णाला जन्म दिला देवकीनं आणि वाढवलं यशोदेनं. गोकुळाष्टमीला पाळणा हलवताना यशोदा सख्खी आई नव्हती असं कुणी म्हणतं का? लव आणि कुश वाल्मीकींच्या आश्रमात वाढले, सीता एकटी आई होती. कर्णाला सूताच्या घरानं वाढवलं आणि राधा नावाच्या आईमुळे तो राधेय झाला. त्या घरानं त्याला प्रेमच दिलं. अपमान केला तो रंगमंडपात जमलेल्या भल्याभल्या माणसांनी, कूळ विचारून.

दुसऱ्या धर्मांतही हेच. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना मायादेवी गेली, त्याला वाढवलं मावशी महाप्रजापती गौतमीनं. पैगंबर मुहंमद जन्मण्याआधीच वडील अब्दुल्ला वारले, सहाव्या वर्षाच्या सुमारास आई आमिना गेली, मग आजोबांनी आणि पुढे चुलते अबू तालिब यांनी सांभाळलं. कुराणात अनाथांच्या मालमत्तेला हात लावू नका हे पुन्हा पुन्हा बजावलंय, त्यामागे ही आठवण असणारच. येशूला योसेफ सुतारानं आपलं म्हणून वाढवलं. म्हणजे ज्यांची आपण पूजा करतो, ज्यांची वाट धरतो, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं घर सप्ताहातल्या त्या बुवांच्या मापात बसत नाही.

"या झाल्या गोष्टी, पण शास्त्रात काय आहे?" असं कुणी विचारेल. तर मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. पोटचा एक. दत्तक दिलेला एक. लग्नाआधी झालेला, लग्नाच्या वेळी आई गरोदर होती तेव्हाचा, पुन्हा लग्न केलेल्या बाईचा, यांनाही तिथे एकेक नाव आहे. आईबापांनी टाकून दिलेलं आणि दुसऱ्यानं उचलून घेतलेलं मूल, त्यालाही नाव आहे, अपविद्ध. सगळ्यांना सारखा मान नव्हता, वाटणीत भेद होता, आणि मुलींचा तर या यादीत पत्ताच नाही. तरी एवढं खरं की, त्या काळच्या लोकांना ठाऊक होतं, घरं अनेक तऱ्हांची असतात आणि लेकरं अनेक वाटांनी येतात. पुढच्या काळातल्या पंडितांनी कलियुगात हे चालणार नाही असं म्हणत बारातले दोनच ठेवले, पोटचा आणि दत्तक. बाकीच्या दहा तऱ्हांची लेकरं त्यानंतर जन्मायची थांबली नाहीत. फक्त त्यांना नाव उरलं नाही.

नाव नाही म्हणजे जागा नाही. जागा नाही म्हणजे काय होतं, हे आपल्याच मातीतल्या चार लेकरांनी भोगलंय. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. तेराव्या शतकातली ही गोष्ट तुम्ही वारीत, हरिपाठात, आजीच्या तोंडून ऐकली आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला होता. गुरूंनीच त्यांना संसारात परत पाठवलं. मग चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीच्या पंचांनी घर वाळीत टाकलं. मुलांची मुंज होईना. प्रायश्चित्त काय, असं विचारल्यावर देहान्त असं उत्तर मिळालं. आपण गेलो तर लेकरांना तरी जगू देतील, या आशेवर आईबापांनी पाण्यात देह टाकला.

आता आपण विचार करूया. हे घर मोडलं कुणी? आई होती, बाप होता, दोघंही लेकरांवर जीव टाकणारे होते. बुवांच्या मापानं हे पूर्ण घर होतं. ते मोडलं धर्माचं नाव घेऊन बसलेल्या पंचांनी. आईबाप गेल्यावरही लेकरांचं सुटलं नाही. पैठणला शुद्धिपत्र मागायला जावं लागलं. मुक्ताईला मांडे करायचे होते तर विसोबानं कुंभाराला परळ देऊ दिलं नाही, अशी कथा सांगतात. एका लहान मुलीला तव्यापुरतं मातीचं भांडं मिळू नये! आणि त्या घरात उरलं कोण होतं? सगळ्यात मोठा निवृत्ती, तोही पोरच. त्यानं बापाची जागा घेतली, ज्ञानदेवानं थोरल्या भावाला गुरू मानलं, आणि ज्ञानदेव लोकांच्या बोलण्यानं दुखावून झोपडीची ताटी लावून बसला तेव्हा सगळ्यात धाकट्या मुक्ताईनं त्याला समजावून बाहेर काढलं. चार पोरांनी एकमेकांना वाढवलं. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, ती अशा घरातून.

कुणी म्हणेल, ती संतमंडळी, त्यांची गोष्ट वेगळी. बरोबर आहे. प्रत्येक वाळीत टाकलेलं लेकरू ज्ञानेश्वर होत नाही. बहुतेक चिरडली जातात, आणि त्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात. म्हणून आता साध्या लेकरांच्या इतिहासाकडे येऊ.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा काळ. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं व्हायची, नवरा वारला की केस काढून कोपऱ्यात बसायचं. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. चांगला कायदा म्हणून आपण शाळेत शिकलो. पण त्याच कायद्यात एक कलम होतं, विधवेनं पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मुलांचा ताबा त्याच्या भाऊबंदांकडे देता येईल. आणि त्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्कही जायचा. म्हणजे नवा संसार हवा असेल तर लेकरं सोडायची तयारी ठेवायची.

आणि ज्या तरुण विधवेवर घरातल्याच कुणी हात टाकला, तिनं काय करायचं? ती गरोदर राहिली की तो पुरुष नामानिराळा. जोतीराव फुल्यांनी एका काशीबाईची हकीकत सांगितली आहे. पुण्यात एका घरी स्वयंपाक करणारी ही तरुण ब्राह्मण विधवा. भीतीपोटी तिनं जन्मलेलं मूल मारून विहिरीत टाकलं. कोर्टानं तिला काळ्या पाण्याची, अंदमानची शिक्षा दिली. ज्या पुरुषानं तिची ही दशा केली त्याला शिक्षा झाली नाही.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. शहरात पत्रकं लावली, विधवांनो, इथे येऊन सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं असेल तर न्या, ठेवायचं असेल तर ठेवून जा. १८८४ साली जोतीरावांनी या कामाचा हिशेब मांडला आहे. तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्या पस्तिसांतली पाच लेकरं जगली. तीस गेली.

मैत्रिणींनो, हा आकडा ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो होतो. तीस लेकरं का गेली? त्यांना बाप नव्हता म्हणून? तसं नाही. गर्भ पडावा म्हणून त्यांच्या आयांनी चोरून विषारी औषधं घेतली होती, त्यानं लेकरांना पोटातच इजा झाली होती, असं जोतीरावांनी लिहून ठेवलंय. लोक काय म्हणतील या भीतीनं ती लेकरं गेली. सावित्रीबाईंच्या दारापर्यंत पोचायला त्यांना उशीर झाला होता.

या घरातून आलेलं एक मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ साली दत्तक घेतलं. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत. त्याला शिकवलं, डॉक्टर केलं. १८८९ साली त्याचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं लावलं. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा हा खरा मुलगा नव्हे, यानं टिटवं धरायचं नाही, म्हणून भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि प्रेतयात्रेपुढे चालल्या. सात वर्षांनी, १८९७ च्या प्लेगमध्ये, यशवंतनं हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना घातला. प्लेग झालेल्या एका दलित मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे गेल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्याला लोक पापाचं पोर म्हणत होते, तो मुलगा रोग्यांची नाडी पाहत होता. आता सांगा, वाया गेलं कोण?

जोतीराव धर्म सोडून बोलत नव्हते. निर्माणकर्त्याला ते निर्मीक म्हणत. त्यांचं शेवटचं पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या मागे १८९१ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी असं घर कल्पिलंय की, बायकोनं एक धर्म धरला, नवऱ्यानं दुसरा, मुलीनं तिसरा, मुलानं चौथा, आणि तरी कुणी कुणाचा द्वेष न करता सगळी एका घरात मायेनं राहतात. त्यांच्या लेखी घराचं माप हेच होतं, आत माया आहे की नाही.

असंच दुसरं दार पंढरपुरात उघडलं. पंढरपूर का, ते सहज कळेल. यात्रेच्या गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही. लांबलांबच्या विधवा तिथे यायच्या, बाळंत व्हायच्या आणि लेकरू मागे ठेवून जायच्या. कुठे टाकलं तर निदान विठोबाच्या दारी, असंही कुणाच्या मनात असेल. तिथे लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश होते. त्यांच्या पुढाकारानं आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या मदतीनं १८७५ साली तिथे अशा लेकरांसाठी आश्रम निघाला. प्रार्थना समाज हा देव मानणाऱ्या, भजन-प्रार्थना करणाऱ्या लोकांचा समाज. तुकोबांचे अभंग त्यांच्या उपासनेत असत. तेव्हा देवधर्म सोडून दिलेल्यांनी हे केलं, असं कुणाला म्हणता येणार नाही. त्यांनी विठोबाला माउली म्हणताना तो शब्द खरा मानला. याच समाजाचा एक बालकाश्रम इथे आमच्या शेजारी विलेपार्ल्यालाही आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं, ते पुढे पुण्याला आणि मग केडगावला गेलं. त्या स्वतः विधवा, कडेवर एक लहान मुलगी, धर्म ख्रिस्ती. फुल्यांचा सत्यधर्म, प्रार्थना समाजाचा विठोबा, रमाबाईंचा येशू. तिन्हींच्या वाटा निराळ्या, आपापसात वादही झाले. पण दारात आलेल्या लेकराला तुझा बाप कोण, असं तिघांनीही आधी विचारलं नाही.

आता बापाविषयी बोलू. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कोकणातल्या, घाटावरच्या लाखो बायकांचे नवरे या शहरात राहिले. दहा-बारा जण मिळून एका खोलीत, जेवण खानावळीत. गावी बाई, म्हातारी सासू आणि लेकरं. बाप दिसायचा गणपतीला किंवा शिमग्याला. महिन्याला मनीऑर्डर यायची, ती कधी वेळेवर, कधी उशिरा. त्या घरांना मोडकं घर कुणी म्हटलं? कुणीच नाही. चाकरमान्याचं घर म्हटलं, मानानं म्हटलं. शेती, आजारपण, शाळा, सोयरीक, सगळं बाईच्याच अंगावर होतं, आणि तिनं वाढवलेली लेकरं पुढे मास्तर झाली, पोलिसात गेली, गिरणीत लागली. आमच्या गोरेगावच्या चाळींतही अशी कितीतरी घरं आली आणि वसली.

म्हणजे बाप घरात नाही हे एकच. फरक एवढाच की, चाकरमान्याच्या बाईच्या कपाळी कुंकू होतं, म्हणून गाव तिला मान देत होतं. दुकानदार उधारी देत होता, हळदीकुंकवाला बोलावणं येत होतं, शाळेत मुलाला कुणी चिडवत नव्हतं. विधवेच्या आणि टाकलेल्या बाईच्या घरातही बाप नाहीच. पण तिथे उधारी बंद, बोलावणं बंद, आणि मुलाला टोमणे. मग लेकराचं नुकसान बाप नसण्यानं किती होतं आणि आपण सगळ्यांनी हात काढून घेतल्यानं किती होतं? हा हिशेब प्रत्येक गावानं एकदा मांडून पाहावा.

गोरेगावच्या पूर्वेला आरे आहे. दूध वसाहत तिथे १९४९ साली सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी राहतात. वारल्यांचं लग्न लावते धवलेरी, म्हणजे बाईच, गाणी म्हणून. आणि पालघर-डहाणूकडे वारल्यांत पूर्वीपासून असंही चालत आलंय की, लग्नाचा खर्च झेपत नसला तर जोडपं आधी संसार मांडतं आणि लग्न पुढे ऐपत आली की लावतं. मग आईबापांच्या लग्नात लेकरं नाचतात. त्या लेकरांना कुणी अनौरस म्हणत नाही. त्यांचीही देवी आहे, पालघट, तिच्या चौकाशिवाय लग्न होत नाही. धर्म तिथेही आहे. फक्त त्या धर्मात लेकराला शिक्षा नाही.

याच गोरेगावात १९५८ साली एक तीस वर्षांची बाई विधवा झाली. मृणाल गोरे. पती केशव गोरे समाजवादी कार्यकर्ते होते. घरात एक लहान मुलगी. मृणालताई घरात बसल्या नाहीत. १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्या, पाण्यासाठी लढल्या आणि पाणीवाली बाई म्हणून सगळ्या मुंबईला ठाऊक झाल्या. १९७२ साली आमदार झाल्या, १९७७ साली खासदार. गर्भातली मुलगी ओळखून मारण्याविरुद्ध त्यांनी विधानसभेत आवाज उठवला आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा गर्भलिंग तपासणीवर कायदा केला. पतीच्या नावानं उभ्या राहिलेल्या केशव गोरे स्मारकात १९८३ साली स्वाधार सुरू झालं, घरात छळ झालेल्या, टाकलेल्या बायकांना आधार द्यायला. अशी बाई दारात येते तेव्हा बहुतेक वेळा तिच्या पदराला लेकरू असतं. बाईला आधार मिळाला की लेकराला मिळतो, आणि बाईला हाकललं की लेकरालाही हाकललं जातं. हे काम पाहत आलेल्या आम्हा गोरेगावच्या बायकांना हे वेगळं शिकावं लागलं नाही.

आता एक गोष्ट खरी सांगायला हवी. एकटीनं लेकरं वाढवणं सोपं असतं, असं आम्ही म्हणत नाही. दोन माणसं मायेची असली तर एक आजारी पडलं तरी दुसरं उभं असतं. दोघांची कमाई असते. लेकराला बापाची आठवण येते, ते रात्री विचारतं, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. चांगला बाप ही मोठी गोष्ट आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. एकत्र कुटुंबाचंही तसंच. आजी-आजोबा, काका-काकू यांच्या अंगाखांद्यावर वाढणं हे सुखच. पण त्याच एकत्र घरांत बालविधवाही होत्या, आणि जोतीरावांच्या दारी आलेल्या बायका काही ओसाड घरांतून आल्या नव्हत्या. भरल्या घरातून आल्या होत्या. दारू पिऊन मारणारा बाप घरात आहे म्हणून ते घर पूर्ण, आणि मारहाण थांबावी म्हणून आई लेकरांना घेऊन निघाली तर ते मोडकं, असं माप आम्हाला पटत नाही. घरात माणसं किती हे मोजण्याआधी लेकरू त्या घरात निवांत झोपतं का, ते पाहावं.

लेकराला काय लागतं? वेळेवर घास. रोज दिसणारं, विश्वासाचं एक तरी माणूस. मार नाही, टोमणा नाही. शाळा. आणि आपल्या घराबद्दल खरं सांगायला लाज वाटू नये, एवढा मान. यातलं पहिलं-दुसरं घर देतं. शेवटचं गाव देतं. सत्यकामाला आईनं खरेपणा दिला आणि गौतमांनी मान दिला, तसं.

कायदाही हळूहळू याच वाटेनं आलाय. १९५६ च्या दत्तक कायद्यानं हिंदू बाईला स्वतःच्या नावानं मूल दत्तक घेता येऊ लागलं, आणि मुलगीसुद्धा दत्तक घेता येऊ लागली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, बाप हयात असला तरी आई मुलाची पालक होऊ शकते. २०१५ साली त्याच न्यायालयानं एका अविवाहित ख्रिस्ती आईला, मुलाच्या बापाला नोटीस न देता, पालकत्व मागता येईल असं सांगितलं. आणि १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव घालायचं ठरवलं, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. जबालेनं आपलं नाव लेकराला दिलं, त्याला किती शतकं झाली असतील!

गावंही बदलतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की, नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे आमच्या गावात होणार नाही. आपण हा ठराव बाईसाठी म्हणून ऐकला. पण तो लेकरांसाठीही आहे. बाप गेला त्याच दिवशी आईच्या हातातल्या बांगड्या चार बाया दगडानं फोडताहेत, हे जे पोर पाहतं त्याला आपण काय शिकवतो? तुझी आई आता कमी झाली, हेच ना?

मग तुमच्या गटानं काय करावं? आम्हाला सुचतं ते सांगतो.

पहिलं, पैशाचं. आईबाप नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, नियमात बसणाऱ्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करावा लागतो. गटातल्या शिकलेल्या मुलीनं सोबत जावं, एकट्या बाईला दहा खेपा घालाव्या लागू नयेत. लेकरू संकटात दिसलं तर १०९८ हा फोन आहे, तो फुकट लागतो.

दुसरं, शाळेचं. मुख्याध्यापकांना चार जणींनी भेटून सांगा की, वर्गात कुणाच्या घरावरून चिडवणं चालणार नाही. गुरुजींनी गौतमांची गोष्ट वर्गात सांगितली तर उत्तमच.

तिसरं, हळदीकुंकवाचं. यंदा संक्रांतीला गटातल्या प्रत्येक बाईला बोलवा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. तिच्या लेकराच्या हातावर तिळगूळ ठेवा.

आणि चौथं, सप्ताहाचं. बुवांशी भांडू नका. पुढच्या सप्ताहात प्रसादाच्या पंगतीत त्यांच्याजवळ बसा आणि विनयानं विचारा, "महाराज, निवृत्ती-ज्ञानदेव-सोपान-मुक्ताईंच्या घराला शास्त्र काय म्हणतं?" रोज ज्यांचा हरिपाठ होतो त्यांच्याविषयीच हा प्रश्न आहे. उत्तर द्यायला बुवांनाही थोडा विचार करावा लागेल, आणि तो विचार गावाच्या भल्याचाच ठरेल.

ज्या ताईंच्या मुलावरून हा प्रश्न आला, त्यांनाही आमचं एक सांगणं आहे. ताई, मुलानं विचारलं तर खरं सांगा. बाप गेलाय, का गेला ते त्याच्या वयाला झेपेल एवढंच सांगा, आणि मी आहे हे रोज सांगा. तुमचं घर मोडकं नाही. त्यात तिघं राहतात, आणि गटातल्या बाकीच्या जणी उंबऱ्यावर आहेत.

तुमच्या गावात काय घडलं ते आम्हाला पत्रानं कळवा. पुढच्या वेळी तुमच्याच पत्रांतून बोलू. नमस्कार.